गाबाँवर भाळण्याआधी

अरे, सिनेमातल्या चित्रणावरचा (representation) निबंध संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉलच्या व्याख्येने सुरू करू नकोस. आधी दिग्दर्शक द्युविव्हिएचा, झाँ गाबाँ नायक असलेला फ्रेंच चित्रपट 'पेपे ल मोको' (१९३७) बघ. सुरुवातीचा कसबाचा, म्हणजे अल्जिअर्सच्या जुन्या वस्तीचा, प्रसंग तर दोनतीनदा बघ. तेव्हा फ्रेंच वसाहतीत असलेल्या अल्जिअर्सच्या त्या गल्ल्यांची ओळख कोण करून देतं? फ्रेंच पोलीस अधिकारी. तिथली माणसं नुसती दिसतात, बोलत नाहीत. कसबा बराचसा स्टुडिओतच उभारलेला, आणि स्थानिक इन्स्पेक्टर स्लिमानच्या भूमिकेतही युरोपीय नट. सावल्या, जिने, झाँ गाबाँचा थकलेला चेहरा यांत आपण असे गुंततो की वसाहत नजरेआड होते. (गाबाँवर मीही फिदा आहे, ते वेगळं!) 'चित्रण खरं की खोटं' यात अडकू नकोस, असं दाखवून कुणाचं फावतं, ते शोध. सामाजिक वर्गाचा मुद्दा हवा असेल तर दिग्दर्शक मार्सेल कार्नेचा १९३९चा 'ल जूर स लेव्ह' घे, नायक कारखान्यातला कामगार आहे.