हेब्रोनच्या वेशीत

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. ज्या जागेवर ज्येष्ठ सहकाऱ्याची नेमणूक होणार असे सगळे धरून चालले होते ती तुला मिळाली, ते आता तुझ्याशी कामापुरतेही बोलत नाहीत, आणि तुझ्या बाजूची दोन-तीन माणसे ‘त्यांना एकदा अडचणीत आणले की आपोआप बदली मागतील’ असे सुचवीत आहेत, हे सारे तू मोकळेपणाने लिहिलेस. त्या गृहस्थांशी कसे वागावे, असे तू विचारतेस. मला मात्र तुझ्या पत्रातल्या त्या दोन-तीन माणसांची अधिक काळजी वाटते, आणि तीच या पत्रात मांडणार आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. इस्राएलाचा पहिला राजा शौल आणि त्याच्यानंतर राजा झालेला दावीद यांच्या आमच्या धर्मग्रंथातल्या कथा मी प्रथम ऐकल्या त्या जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, मराठी कीर्तनात. एन-गेदीच्या गुहेचा प्रसंग आला की श्रोते सावरून बसत. दावीद आपले राज्य घेईल या भयाने शौल राजा निवडक तीन हजार माणसे घेऊन त्याचा पाठलाग करीत आहे, आणि नेमका तोच एकटा त्या गुहेत शिरतो जिच्या अंधारात दावीद आपल्या माणसांसह लपला आहे. माणसे कुजबुजतात की देवाने शत्रू हाती दिला, आता साध. दावीद फक्त राजाच्या झग्याचा काठ कापतो, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागते. पुढे जीफच्या रानात तेच घडते. शौल तळावर झोपलेला, भाला उशाशी रोवलेला, आणि दावीदाचा भाचा अबीशय म्हणतो, ‘एकाच घावात जमिनीला खिळतो, दुसरा लागणार नाही.’ दावीद त्याला अडवतो आणि केवळ भाला व पाण्याचा चंबू घेऊन परततो.

दावीदाची थोरवी म्हणून या कथा सांगतात, आणि ती थोरवी आहेच. पण दोन्ही वेळा घाव घालण्याची सूचना कोणाकडून आली ते पाहा. प्रतिस्पर्धी एकदा गाफील होता, एकदा झोपेत. सूचना आपल्या माणसांची होती, त्यांच्या निष्ठेतून आलेली होती, आणि तिला देवाचे नावही जोडलेले होते. रानावनात दावीद आपल्या माणसांना आवरू शकला. राजा झाल्यावर ते त्याला जमले नाही, आणि तुला सांगायचे आहे ते तिथूनच पुढचे.

शौलाच्या मृत्यूनंतर दावीद हेब्रोन शहरात यहूदा या एका वंशाचा राजा झाला. उरलेल्या इस्राएलावर शौलाचा सेनापती अबनेर याने शौलाचा मुलगा इश-बोशेथ याला बसवले. गिबोनच्या तळ्याकाठी दोन्ही बाजूंचे बारा-बारा जवान समोरासमोर आले आणि त्यातून लढाई पेटली. अबीशयाचा धाकटा भाऊ असाएल हरणासारखा चपळ होता. तो अबनेराच्या मागे लागला. अबनेराने त्याला दोनदा बजावले की परत फिर, तुला मारले तर तुझ्या भावाला तोंड कसे दाखवू? तो ऐकेना, तेव्हा अबनेराने भाल्याच्या मागच्या टोकाने त्याला मारले. संध्याकाळी टेकडीवरून अबनेरानेच त्या भावाला, म्हणजे दावीदाचा सेनापती यवाब याला, हाक मारून विचारले की तलवार सदासर्वदा खातच राहणार का, याचा शेवट कडू होईल हे तुला कळत नाही का. यवाबाने रणशिंग फुंकून लढाई थांबवली. दावीदाची असाएलखेरीज एकोणीस माणसे गेली होती, अबनेराची तीनशे साठ.

पुढे अबनेर इश-बोशेथाशी बिनसल्यावर वीस माणसे घेऊन हेब्रोनात आला. दावीदाने त्याला मेजवानी दिली, सारे इस्राएल एकत्र आणण्याचे त्याचे वचन घेतले आणि त्याला सुखरूप रवाना केले. यवाब तेव्हा मोहिमेवर होता. परतल्यावर तो राजाला तोंडावर बोलला, मग बाहेर जाऊन त्याने परस्पर निरोप्ये धाडले, अबनेराला वाटेवरच्या विहिरीपासून माघारी बोलावले, खासगी बोलायचे म्हणून वेशीत बाजूला घेतले आणि तिथे त्याच्या पोटात शस्त्र खुपसले. ग्रंथकार एक छोटे वाक्य घालतो: दावीदाला हे ठाऊक नव्हते.

राजा अबनेराच्या अंत्ययात्रेत पायी चालला, यवाबालाही त्याने कपडे फाडून शोक करायला लावले, कबरेपाशी तो मोठ्याने रडला आणि सूर्य मावळेपर्यंत त्याने अन्न घेतले नाही. लोकांची खात्री पटली की यात राजाचा हात नव्हता. पण त्याच दिवशी तो आपल्या माणसांना म्हणाला की अभिषेक झालेला असूनही मी आज दुबळा आहे. सरूवेचे हे पुत्र मला आटोपत नाहीत. सरूवा त्याची बहीण, म्हणजे यवाब सख्खा भाचा. यवाबाचे सेनापतिपद तसेच राहिले.

यवाब खलनायक आहे, असे समजू नकोस. तो शूर होता, कष्टाळू होता. शत्रूचे राब्बा शहर पडायला आल्यावर विजयाचे नाव आपल्याला मिळू नये म्हणून त्याने राजालाच तिथे बोलावून घेतले. अशा माणसाला दूर करणे सर्वांत कठीण असते. आणि माझ्या मते दावीदाने एका प्रसंगी तो मार्ग स्वतःच बंद केला. आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको दावीदाने आपलीशी केली होती, आणि त्या उरीयाला मारवण्यासाठी त्याने जे पत्र उरीयाच्याच हाती धाडले ते यवाबाच्या नावे होते. ज्याच्याकडून आपण आपले पाप करवून घेतले, त्याला त्याच्या पापाचा जाब कोणत्या तोंडाने विचारायचा? पुढे बंड करून उठलेल्या आपल्या मुलाला, अब्शालोमाला, सांभाळून घ्या अशी राजाची सर्वांदेखत आज्ञा असताना यवाबाने त्याला मारले. राजाने मग अमासाला सेनापती नेमले, तर यवाबाने आपल्या या मावसभावाला, चुंबन घेण्यासाठी म्हणून उजव्या हाताने दाढी धरून, डाव्या हातातल्या तलवारीने संपवले. तो हिशेब दावीदाने अखेर मृत्युशय्येवर आपला मुलगा शलमोन याच्या गळ्यात घातला.

माझ्या नोकरीतही एक असा माणूस होता. त्याने माझ्या प्रतिस्पर्ध्याची एक फाइल बैठकीच्या आदल्या दिवशी दडवली. मी त्याला तसे सांगितले नव्हते. पण बैठकीत त्या गृहस्थांची फजिती झाली तेव्हा मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याचा फायदा मला पुढे दोन वर्षे मिळत राहिला. त्यानंतर त्या माणसाला मी कधीही काही बोलू शकलो नाही. ते गृहस्थ आज हयात नाहीत, त्यामुळे त्यांची क्षमा मागायचीही राहून गेली.

म्हणून त्या दोन-तीन जणांना या आठवड्यातच, एकेकटे न गाठता एकत्र बसवून, स्पष्ट सांग की माझ्या भल्यासाठी म्हणून मला न विचारता केलेले काहीही मी आपले मानणार नाही आणि झाकणारही नाही. आतापर्यंत त्यांच्याकडून एखादी अशी मदत घेतली असशील, तर ती आधी स्वतःशी कबूल कर, कारण त्याशिवाय हे वाक्य तुझ्या तोंडून ठामपणे निघणार नाही. आणि त्या ज्येष्ठांना केबिनमध्ये बोलावू नकोस. कोणाच्या हाती निरोपही धाडू नकोस. त्यांच्या टेबलापाशी स्वतः जा, समोरच्या खुर्चीत बस, आणि जे काम त्यांना तुझ्याहून अधिक चांगले कळते त्याच्याबद्दल विचार. पहिल्या दिवशी ते कदाचित उत्तर देणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, आणि काय झाले ते मला कळव.

तुझा,
काका