वाचक विचारतात : डीएपी खत आणि चीन

प्रश्न : भाऊ, मृगात कृषी केंद्रात गेलो त डीएपी नाही. दुकानदार म्हणते, "चीननं माल अडवला." आमाले खरं वाटून नाही राहिलं. थापा त नाही मारत? – एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, निम्मं खरं आहे. आपण डीएपीचा, म्हणजे नत्र-स्फुरद देणाऱ्या खताचा, मोठा हिस्सा बाहेरून आणतो आणि चीन त्यातला जुना पुरवठादार. ऑक्टोबर 2021 पासून त्यांनी खत निर्यातीआधी सरकारी तपासणी सक्तीची केली. बंदी असं म्हणायचं नाही, कागद मात्र टेबलावर पडून राहतो! तिकडच्या शेतकऱ्याला खत स्वस्त मिळावं हा हेतू. शिवाय डीएपीतलाच फॉस्फेट (स्फुरद) आता गाड्यांच्या बॅटरीतही लागतो. म्हणून 2025 मध्ये आपल्या कंपन्यांनी सौदीशी वर्षाला 31 लाख टनांचा, पाच वर्षांचा करार केला.

उरलेलं निम्मं आपल्या इकडचं. गेल्या जूनमध्ये मलाही एका दुकानात "डीएपी पाहिजे त नॅनोची (पातळ खताची) बाटली घ्या" असं ऐकवलं. त्याच्या पाठीमागे ताडपत्रीखाली थप्पी दिसत होती. तेव्हा चीन कुठं होता? 1350 ची बॅग, पक्कं बिल मागा; लिंकिंग केलं, म्हणजे खतासोबत दुसरा माल गळ्यात मारला, तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

सोयाबीनला डीएपीच पाहिजे असंही नाही. एका बॅगेऐवजी तीन बॅग सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धी बॅग युरिया टाका. वरून गंधक मिळतं, ते तेलबियांना मानवतं. वाहतूक तेवढी वाढते, बंडी दोनदा जुंपावी लागते.