कर्ज न फेडता परदेशी निघून गेलं, तर मागे काय होतं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. बँकेचं वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि गावच्या पतसंस्थेचं कर्ज, अशी तिन्ही देणी असताना तुम्ही पुढच्या महिन्यात नोकरीसाठी जर्मनीला निघालाय. हप्ते तसेच सोडले तर तिकडे कुणी धरेल का, आणि तीन वर्षांनी कर्ज आपोआप संपतं हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी सहकारी बँकेच्या वसुली खात्यात नोकरी केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धरायला तिकडे कुणी येणार नाही. हप्ते थकणं हा दिवाणी मामला आहे, तेवढ्यावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही. इथल्या कोर्टाचा हुकूमनामा जर्मनीत नेऊन वसुली करायची तर खर्च आणि वेळ दोन्ही भरपूर लागतात, आणि काही लाखांच्या कर्जासाठी बँका सहसा त्या वाटेला जात नाहीत. पण म्हणून वसुली थांबत नाही. ती जो हाताशी सापडतो त्याच्याकडे वळते, आणि हाताशी असतो जामीनदार.

भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं त्याला म्हणता येत नाही. पतसंस्थेचं तर याहून वेगानं चालतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली संस्था सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुली दाखला घेते, दिवाणी दावा लावायची गरजच नसते. गावाकडे ज्याला ‘१०१ चा दाखला’ म्हणतात तो हाच. त्यात तुमच्या नावाखाली जामीनदारांची नावं असतात. मग वसुली अधिकारी जामीनदाराच्या कार्यालयात पगार कपातीचं पत्र देऊन येतो.

एसटीतले एक वाहक माझ्याकडे आले होते. सोबत्याच्या मुलाला जामीन राहिलेले, मुलगा आखातात गेलेला. त्यांनी पगाराची स्लिप टेबलावर पसरली आणि भविष्य निर्वाह निधीच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे आमच्या कर्जाची कपात सुरू झालेली होती. म्हणाले, “साहेब, त्याचा तिकडचा नंबर असला तर द्या, मी नीट बोलतो त्याच्याशी.” आमच्याकडे जो नंबर होता तो केव्हाच बंद झालेला. त्याच वर्षी त्यांनी मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी दुसऱ्या बँकेत अर्ज केला, तो परत आला, कारण थकलेल्या कर्जाचा जामीनदार म्हणून त्यांचंही सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब झालं होतं. या माणसानं आयुष्यात स्वतःचा एक हप्ता चुकवलेला नव्हता. तुमच्या कर्जाला कोण जामीन आहे हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याच माणसाची वाटते.

आता तीन वर्षांचं. दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते हे खरं, पण मुदत कायदा १९६३ च्या कलम १५(५) नुसार प्रतिवादी भारताबाहेर असतो तो काळ त्या मुदतीत धरतच नाहीत. म्हणजे तुम्ही जर्मनीत दहा वर्षं काढलीत तरी ती वर्षं तुमच्या बाजूनं मोजली जात नाहीत. शिवाय बँक तेवढं थांबतही नाही. समन्स तुमच्या जुन्या पत्त्यावर जातं, कुणी हजर झालं नाही तर एकतर्फी निकाल लागतो, आणि तो हुकूमनामा पुढे १२ वर्षं बजावता येतो. तेवढ्यात वडिलोपार्जित जमिनीत तुमचं नाव लागलं, तर तुमच्या हिश्श्यावर जप्ती येऊन सातबाऱ्यावर बोजा चढतो. मग वाटणी किंवा विक्री करताना भावंडांचंही काम अडतं.

फौजदारी बाजू दोन ठिकाणी येते. बँकेला दिलेला चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागतं: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्यानं परत गेला तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात तशीच तरतूद आहे. तारखांना कुणी गेलं नाही की वॉरंट निघू शकतं, आणि वॉरंट असलं की पासपोर्टचं नूतनीकरण आणि परतताना विमानतळ, दोन्हीकडे अडचण. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सरकारी बँकांना स्वतःहून लुकआउट सर्क्युलर (विमानतळावर माणसाला अडवण्याची सूचना) मागण्याचा दिलेला अधिकार रद्द केला, पण कोर्टाचा आणि पोलिसांचा अधिकार तसाच आहे. दुसरं म्हणजे, निघायच्या आधी मुद्दाम कार्ड पूर्ण वापरून टाकलं किंवा खोट्या कागदांवर कर्ज उचललं, तर फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो. असा सल्ला कुणी देत असेल तर त्याचं अजिबात ऐकू नका.

आईवडिलांनी कुठे सही केलेली नसेल तर तुमच्या वैयक्तिक कर्जाची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. हे त्यांना जाण्याआधी स्पष्ट सांगा, कारण वसुलीवाले घरी येतात आणि म्हातारी माणसं घाबरून दागिने मोडतात. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, धमकावायलाही. तसं झालं तर बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

जर्मनीत पगार सुरू होणार आहे, म्हणजे फेडायची ऐपत आहे. मग फेडूनच टाका. आधी कार्ड, कारण त्याचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं. बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं खातं) करून घ्या आणि हप्ते त्यातूनच चालू ठेवा. सुरुवातीचे दोन-तीन महिने ओढाताण होईल असं वाटत असेल तर निघण्यापूर्वी शाखेत लेखी अर्ज देऊन हप्ते पुढे ढकलून मागा. ९० दिवस उलटून खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरलं की शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसं काही राहत नाही. बँकेला नवा पत्ता आणि ईमेल द्या, नोटीस तुमच्यापर्यंत पोचू द्या.

तडजोडीनं कमी रकमेत मिटवायचा मोह होईल. त्यानं वसुली थांबते, पण सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा अनेक वर्षं राहतो आणि परतल्यावर गृहकर्ज मागताना तोच आडवा येतो. जमत असेल तर पूर्ण रक्कम भरा आणि ‘नो ड्यूज’चा दाखला हातात घ्या. पतसंस्थेचा दाखला घेताना तुमच्या जामीनदाराला सोबत न्या आणि जामीन संपल्याचं त्यांच्या नावानंही लेखी मागा.