केंद्र (०, ०) नसेल तर नुसतं गुणून चालत नाही

तुझं गणित असं होतं ना: ए (२, ३), बी (४, ३), सी (२, ६) हा त्रिकोण, डायलेशनचं (म्हणजे आकृती एका ठरलेल्या बिंदूपासून, केंद्रापासून, ठरावीक पटीत मोठी किंवा लहान करणं) केंद्र (१, १), स्केल फॅक्टर, म्हणजे ती पट, २. तू सगळे निर्देशक सरळ २ ने गुणलेस, (४, ६), (८, ६), (४, १२) आले आणि पुस्तकाच्या मागे उत्तर वेगळंच निघालं. पुस्तक बरोबर आहे. पण गंमत अशी की तुझा त्रिकोणही मापाला अगदी बरोबर आहे, फक्त जागा चुकलीय.

दुप्पट व्हायला हवं ते केंद्रापासूनचं अंतर. केंद्र आरंभबिंदूवर असलं की अंतर गुणा नाहीतर निर्देशक गुणा, उत्तर एकच येतं, आणि सुरुवातीची गणितं बहुतेक तसलीच असतात म्हणून हाताला तीच सवय लागते.

आता ए घे. (१, १) वरून ए कडे जायला उजवीकडे १ घर आणि वर २ घरं. दुप्पट केलं की उजवीकडे २, वर ४. ही घरं परत (१, १) पासूनच मोजायची हं, इथे भले भले घसरतात, वजाबाकी करतात, गुणतात आणि शेवटी केंद्र परत मिळवायचंच विसरतात. आला (३, ५). तसंच बी चा (७, ५) आणि सी चा (३, ११). तुझ्या उत्तराशी ताडून बघ, दोन्ही निर्देशक सगळीकडे बरोबर १ ने कमी आहेत.

बाजू २ ची ४ झाली, ३ ची ६, कोन जसेच्या तसे. क्षेत्रफळ मात्र ३ वरून थेट १२, म्हणजे चौपट, कारण लांबी आणि उंची दोन्ही दुप्पट झाल्या. फॅक्टर अर्धा असता तर आकृती लहान होऊन केंद्राकडे सरकली असती (त्यालाही डायलेशनच म्हणतात, नाव कसंही वाटो), आणि ऋण असता तर केंद्राच्या पलीकडे जाऊन उलटी पडली असती.

परीक्षेत खात्री करायची असेल तर पट्टी घे आणि जुना ए नव्या ए ला, जुना बी नव्या बी ला जोडून रेषा मागे वाढव. त्या केंद्रातच भेटायला हव्यात. तुझ्या आकृतीत वाढवून बघ, (०, ०) मध्ये भेटतील.