'सगळी इंजेक्शनं झालीत' म्हणजे तपासणी झाली असं नाही

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार, मी साक्री तालुक्यातला शेतकरी. येत्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी घोडी घ्यायचं ठरवलंय. दलालाने फोटो पाठवलेत, साडेचार वर्षांची सांगतोय, गाभण आहे म्हणे, किंमत १ लाख ८० हजार. देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे, भोवरे शुभ आहेत, सगळी इंजेक्शनं झालीत असं त्याचं म्हणणं. घरी वडिलांची म्हातारी घोडी आहे आणि लहान पोरं दिवसभर तिच्याजवळच असतात. काय काय बघून घेऊ?

उत्तर : भाऊ, इसार द्यायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. बरेच जण घोडं दारात बांधून झाल्यावर फोन करतात.

देवमण बघा, भोवरे बघा, ती आपली जुनी पद्धत आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मला धास्ती वाटते ती 'सगळी इंजेक्शनं झालीत' या वाक्याची. कारण ज्या तीन आजारांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, ग्लँडर्स, सर्रा (माश्यांमधून पसरणारा रक्तातल्या परजीवीचा आजार) आणि इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया (घोड्यांचा विषाणूमुळे होणारा रक्तक्षय), त्यातल्या एकावरही आपल्याकडे द्यायला लसच नाही, म्हणजे दलाल अगदी खरं बोलत असला तरी या तिघांबद्दल त्यातून काहीच कळत नाही, ते रक्त तपासूनच कळतं.

त्यातही ग्लँडर्स. नाकातून चिकट पिवळट शेंबूड, नाकात आतून जखमा, पायाच्या आतल्या बाजूला गाठींची माळ आणि त्या फुटून वाहणारा पू, हे दिसलं तर हात न लावता मागे फिरा. पण कित्येक जनावरांत वरून काहीच दिसत नाही आणि आजार आत असतो. तो माणसालाही होतो, जीवघेणा ठरू शकतो, आणि तुमच्या घरात पोरं आहेत म्हणून एवढं बजावून सांगतोय. तपासणी पॉझिटिव्ह आली की जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे जनावर मारावंच लागतं, तिथे रडून-विनवून उपयोग नाही. नमुना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत द्या, पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. रिपोर्टला दिवस लागतात, म्हणून यात्रेच्या आधीच विचारा. रिपोर्ट असेल तर तारीख बघा, आणि घोडीचा रंग, कपाळावरचा टिळा, पायाचे पांढरे मोजे कागदावर लिहिलेत तसेच समोर आहेत का तेही बघा. रिपोर्ट नसेल तर सौदा 'रिपोर्ट चांगला आला तर' या बोलीवर करा, आणि ती बोली कागदावर घ्या.

आता घोडी. पहाटे जा, ती बांधलेली असतानाच, कारण थंड पायांवरची पहिली वीस पावलं खरं सांगतात, फिरवून गरम केलेली घोडी लंगडणं लपवते. कडक जमिनीवर सैल लगामाने दुलकी चालवायला सांगा, पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. वेदनाशामक टोचून आणलेलीही सापडतात, म्हणून दोन वेगळ्या दिवशी बघता आलं तर उत्तम. साडेचार वर्षांची म्हणजे कडेचे दुधाचे दात पडून पक्के नुकते येत असले पाहिजेत, सगळे पूर्ण वाढलेले असतील तर वय जास्त आहे. हिरडीवर बोट दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. गाभण आहे की नाही हे पोट बघून ठरवू नका, सोनोग्राफी करून घ्या.

लसींमध्ये धनुर्वाताची पहिली. घोड्याइतका धनुर्वाताला नाजूक प्राणी क्वचितच असेल. मी एक वरातीची घोडी बघितलीय, नाल मारताना खिळा आत गेला होता, आठ-दहा दिवसांनी मला बोलावलं. शेपूट उचललेली, कान ताठ, आणि टाळी वाजवली की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा सर्रकन पुढे यायचा. चंदी समोर होती, भूक होती, पण जबडा उघडत नव्हता. चौथ्या दिवशी गेली. मालक सांगत होता लस दिलीय, कागद कुठेच नव्हता. म्हणून कागद नसेल तर लस झालीच नाही असं धरा आणि पहिल्यापासून सुरू करा, ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. रेबीजची दरवर्षी. यात्रा-वरातीत नेणार असाल तर इन्फ्लुएंझाचीही द्या, २००८-०९ मध्ये देशात त्याची मोठी साथ येऊन गेलीय.

घरी आणल्यावर निदान तीन आठवडे म्हातारीपासून लांब बांधा, बादली वेगळी, खरारा वेगळा, आणि पोरांना तिकडे जाऊ देऊ नका. रोज सकाळी ताप बघा, १०१.५ च्या वर गेला की मला फोन करा. गोचीड काढा. जंताचं औषध आणि लस प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी नको, आठवडाभर विसावू द्या, आणि गाभण आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.

घोडी साधारण अकरा महिन्यांनी विते. विण्याच्या महिना-दीड महिना आधी तिला धनुर्वाताचा एक डोस द्यायला विसरू नका, म्हणजे चिकातून शिंगराला संरक्षण मिळतं. तो चीक पहिल्या काही तासांतच त्याच्या पोटात गेला पाहिजे, त्या रात्री कुणीतरी जागं राहा.