वृद्धांच्या शुश्रूषेत नोकरी धरण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझ्या नर्सिंगच्या डिप्लोमाबद्दलचं, म्हणजे जीएनएमबद्दलचं, वडिलांचं वाक्य परवा फोनवर तू मला जसंच्या तसं सांगितलंस, बरं केलंस. "जीएनएमला तीन वर्षं घालवली आणि आता म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढणार?" त्यांचा राग पैशाचा नाही. लातूरला चारचौघांत मुलगा काय करतो हे कसं सांगायचं, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांना उत्तर द्यायचं असेल तर आधी हे काम नेमकं काय असतं ते तुझं तुला कळायला हवं.

हॉस्पिटलात पेशंट चार-आठ दिवसांत घरी जातो. इथे, वृद्धांच्या केंद्रात, एकाच आजोबांना तू तीन-तीन, पाच-पाच वर्षं बघतोस. डॉक्टर आठवड्यातून एखाद-दोनदा राउंडला येतात, मधले सगळे दिवस आणि सगळ्या रात्री नर्सच्या. डॉक्टरांना आत्ता फोन करायचा की सकाळपर्यंत थांबायचं, हे तूच ठरवतोस. त्या एका निर्णयासाठी सगळं शिक्षण लागतं.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. या कामातलं माझं दुसरंच वर्ष होतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या, दिवेलागणीला न चुकता रामरक्षा म्हणायच्या. एका संध्याकाळी त्या मधेच अडकल्या, मला लेकीच्या नावानं हाक मारली आणि ताट बाजूला सारलं. ताप नव्हता, बीपी ठीक होतं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "वयोमानाने विसराळूपणा." तिसऱ्या दिवशी पहाटे हातपाय गार पडले, वरचं बीपी ऐंशीवर आलं आणि ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. लघवीचा संसर्ग रक्तात उतरला होता. आजी वाचल्या, पण पुन्हा स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या नाहीत. म्हातारपणी संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नसतं, पुष्कळदा आधी गोंधळ दिसतो. डिमेन्शिया महिन्या-महिन्यांनी वाढतो. एका दिवसात आलेला गोंधळ म्हणजे शरीरात काहीतरी बिघडलंय: लघवी, छाती, शुगर, सोडियम, कोंडलेला शौच, नाहीतर नुकतंच सुरू झालेलं औषध. "वयोमानाने" हा शब्द मी त्यानंतर रजिस्टरमध्ये कधी लिहिला नाही, माझ्या हाताखालच्या कुणाला लिहू दिला नाही.

हागणं-मुतणं काढण्याबद्दलही बोलते. डायपर बदलताना माकडहाड, नितंबाची हाडं, टाचा बघायच्या असतात. लाल जागा बोटानं दाबायची. दाबूनही पांढरी पडली नाही तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी सुरू झाली. पण पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आपल्याकडच्या सावळ्या पाठीवर लाली दिसतच नाही, तिथे हाताच्या पालथ्या बाजूनं बघावं लागतं: आजूबाजूपेक्षा गरम आहे का, घट्ट लागते का. हा धोका मोजायच्या ब्रेडन स्केलवर ६ ते २३ असे आकडे असतात, आकडा जितका कमी तितका धोका जास्त. हे भरताना टिक मारून मोकळा होऊ नकोस. मावशी आणि मामा, म्हणजे आपले मदतनीस, रात्री दर दोन तासांनी कूस बदलतात की नाही, ते त्यांच्याबरोबर उभं राहून बघ. जखम खोल गेली की महिने जातात.

आणि ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, इथे फार हवेत. माझ्याकडे एका निवृत्त मास्तरांनी आठ दिवस अंघोळ टाळली होती, अंगाला बायका हात लावणार म्हणून. ब्रदर ड्युटीवर आला त्या दिवशी त्यांनी स्वतः टॉवेल मागितला.

आता तुझ्या वाटेबद्दल. पास झाल्याबरोबर थेट इथे येऊ नकोस. दोन वर्षं एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात काढ. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटर (लघवीची नळी), ईसीजी, हायपोग्लायसेमिया (शुगर फार उतरणं) हे सगळं गर्दीत हातात बसतं. इथे रात्री एकटा असशील तेव्हा शिकायला वेळ नसतो. त्यानंतर दोन रस्ते आहेत. एक, पोस्ट बेसिक बीएस्सी, दोन वर्षांचं, त्यावर पुढे एमएस्सी आणि शिकवणं. दुसरा, जेरियाट्रिक नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. सुपरवायझर, मेट्रन व्हायचं तर पहिला रस्ता उपयोगी पडतो, पण मन पेशंटजवळ रमत असेल तर दुसरा घे. मधल्या काळात वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर बघून ये. १९९७ पासून ते चालू आहे, बरा न होणाऱ्या माणसाची वेदना कशी सांभाळतात ते तिथे समजेल. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरही आहे, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी. दीर्घकालीन शुश्रूषा म्हणजे फक्त म्हातारी माणसं नव्हेत.

पगार सुरुवातीला मोठ्या हॉस्पिटलपेक्षा कमीच मिळेल, तयारी ठेव. पण नेमणूकपत्रावर "स्टाफ नर्स" हाच शब्द हवा. पुण्यात घरोघरी माणसं पुरवणारे ब्युरोवाले नर्स आणि केअरटेकर एकाच गणवेशात पाठवतात आणि काही वर्षांनी तुझा अनुभव कुठला धरायचा हे कुणाला सांगता येत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मुदतीत नूतनीकरण करत जा. मुलाखतीला गेलास की तूच विचार: रात्री एका नर्सकडे किती जण? गोळ्या कोण देतं? कफ ओढायचं सक्शन मशीन चालू आहे का, लावून दाखवता का? शेवटच्या प्रश्नाला जिथे चिडतात तिथून उठून ये.

जर्मनीचं विचारलंस. जायला हरकत नाही, पण एक शब्द नीट समजून घे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल. तिकडच्या जाहिरातीत तोच शब्द वृद्धांच्या निवासी केंद्राला असतो. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत लागते. ती मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम करावं लागतं, तो काळ किती आणि त्याचा पगार किती, हे करारात वाचल्याशिवाय सही करू नकोस. जपानच्या केअरगिव्हर व्हिसाचंही तसंच, ते नर्सचं पद नाही.

वडिलांना पुढच्या महिन्यात पुण्याला घेऊन ये. मी त्यांना काही समजावणार नाही. सकाळी सातच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, त्यांना माझ्या शेजारी खुर्ची देईन, रात्रपाळीचा ब्रदर एकेका माणसाबद्दल काय काय सांगतो ते त्यांनी ऐकावं. तू येताना सेकंद काटा असलेलं घड्याळ घालून ये. नाडी मोजायला मोबाइल काढलेला मला चालत नाही.

तुझी,
सिस्टर