दहावीचे मार्क राहू दे, बारावी कुठून देणार ते आधी ठरव

तुझा प्रश्न वाचला. चोपडा तालुक्यातलं गाव, सेमी-इंग्रजीतून दहावीला 95 टक्के, आता अकरावी सायन्स. आयआयटी मुंबईला कॉम्प्युटर, नाहीतर पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय ही इंजिनिअरिंग कॉलेजं मिळायचे चान्स किती, असं विचारतोयस. आणि आप्पांचा आग्रह आहे की क्लाससाठी राजस्थानात कोट्याला जा.

दहावीच्या मार्कांवरून चान्स कोणी सांगत असेल तर तो क्लासची पावती फाडायला बसलाय असं समज. जेईईत (आयआयटी-एनआयटीची देशपातळीवरची परीक्षा: आधी मेन, त्यातून वर आलेल्यांना आयआयटीसाठी अ‍ॅडव्हान्स) ते मार्क धरत नाहीत, सीईटीतही (राज्यातल्या कॉलेजांची परीक्षा) नाहीत. बारावीचेसुद्धा उंबरठ्यापुरतेच लागतात. आयआयटी-एनआयटीला 75 टक्के (एससी-एसटीला 65) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे शंभरातल्या वरच्या वीस पोरांत, असलास की झालं.

आयआयटी मुंबईच्या कॉम्प्युटरचं आधी उरकतो. ओपनमधून ती शाखा गेली काही वर्षं अ‍ॅडव्हान्सच्या पहिल्या सत्तर रँकच्या आतच संपते. पहिल्या सत्तरात कोण येईल हे अकरावीच्या सुरुवातीला कोणालाच सांगता येत नाही, तेव्हा त्यावर झोप घालवू नको. पण 23 आयआयटी मिळून जागा 18 हजारांच्या आसपास आहेत, त्यामुळे दार अगदीच बंद आहे असंही नाही. 2025 ला जेईई मेनला पावणेपंधरा लाख पोरं बसली. म्हणजे एक पर्सेंटाइल घसरला की रँक जवळपास पंधरा हजारांनी खाली. त्या वर्षी अ‍ॅडव्हान्सचं ओपनचं कटऑफ 93.10 पर्सेंटाइल होतं. 93 आल्यावर गावात पेढे वाटतात, पण तिथे फक्त पुढच्या परीक्षेला बसायची परवानगी मिळते. शिवाय अ‍ॅडव्हान्सचा पेपर फक्त इंग्रजी-हिंदीत असतो. मेनच्या मार्कांवर नागपूरचं व्हीएनआयटी मात्र लक्षात ठेव, तिथे निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी असतात.

आता सीईटी, जी आपल्याकडे पोरं एप्रिल उजाडेपर्यंत हसण्यावारी नेतात. तुझ्यासाठी खरा सामना इथे आहे. 150 प्रश्न, 200 मार्क, निगेटिव्ह नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. मॅथ्सचे 50 प्रश्न पुढच्या 90 मिनिटांत, प्रत्येकी दोन मार्क. निम्मे मार्क मॅथ्सचे झाले, आणि तो पेपर इंग्रजीतच येतो. बोर्डासाठी पायऱ्या लिहून गणित सोडवायची सवय असलेली हुशार पोरं इथे वेळेत मार खातात. अकरावीचा भाग साधारण 20 टक्के असतो. तो सोपा म्हणून सोडतात आणि तिथेच मागे पडतात. सीओईपीचं कॉम्प्युटर ओपनला 99.9 पर्सेंटाइलच्या वर जातं. 2025 ला पीसीएमला (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या सीईटीला) चार लाखांवर पोरं होती, त्यातली वरची चारेकशे धर. तिथलंच सिव्हिल किंवा मेटलर्जी बरंच खाली मिळतं. तेव्हा "सीओईपीला चान्स किती" हा प्रश्न शाखेचं नाव घेतल्याशिवाय विचारू नको.

आता कोणी सहसा सांगत नाही ती गोष्ट. सीईटी सेलची मागच्या वर्षीची कटऑफची पीडीएफ उघड. कॉलेजच्या नावाखाली जीओपनएस, जीओपनएच, जीओपनओ, एलओपनएच असे रकाने दिसतील. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींच्या जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर महत्त्वाचं: एस म्हणजे राज्यस्तरीय जागा, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची पोरं. पुण्या-मुंबईच्या बहुतेक खाजगी कॉलेजांत 70 टक्के जागा एच आणि 30 टक्के ओ. तुझी होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी जिथून पास होशील त्यावरून. चोपड्याहून किंवा जळगावहून दिलीस तर आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, मग पुण्यातल्या खाजगी कॉलेजात तू ओ मध्ये. पुण्याच्या ज्युनिअर कॉलेजातून दिलीस तर तिथे एच. कोट्याहून दिलीस तर दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून ही अटच मोडते, मग तुझं किंवा आई-वडलांचं डोमिसाइल (राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला) दाखवून दुसऱ्या प्रकारात अर्ज करावा लागतो. प्रवेश बंद होत नाही, पण कागद वाढतात. आप्पांना हे एकदा समजावून सांग.

म्हणून काय पुण्याला पळायचं? मला तरी तसं वाटत नाही. सीओईपी, व्हीजेटीआय सरकारी आणि अनुदानित स्वायत्त असल्याने तिथल्या राज्याच्या जागा एस मध्ये येतात. चोपड्याचं पोरगं आणि कोथरूडचं पोरगं एकाच रांगेत. दोन वर्षांचा खोलीभाडं-मेसचा खर्च फक्त एच साठी करण्यात अर्थ नाही. उलट इथे राहिलास तर शिरपूरच्या आर. सी. पटेलसारख्या ठिकाणी तू घरचा. जळगाव, भुसावळला राहून चांगला मॅथ्सचा मास्तर आणि दर रविवारी वेळ लावून पूर्ण पेपर, एवढं मिळत असेल तर मी कोट्याचे पैसे वाचवीन.

ऑप्शन फॉर्मचं, म्हणजे कॉलेज-शाखा पसंतीच्या क्रमाने भरायच्या फॉर्मचं, आत्ताच ऐकून ठेव. 2025 च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागत होता. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी काही लागलं तरी तेच. मी दर पावसाळ्यात आजूबाजूच्या पोरांचे फॉर्म बघतो. "बघू लागतं का" म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकलेले निघतातच. तुझ्या वर्षी नियम तोच आहे का ते माहितीपत्रकात बघून घे.

प्रवर्गातून भरणार असशील तर जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाक, बारावीच्या निकालाची वाट बघू नको. एसटीच्या पोरांनी तर उद्याच. घरात बहीण असेल तर तिलाही सांग, 2024 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची कॉलेजची शिक्षण फी सरकार भरतं.

आणि चान्सच हवा असेल तर दिवाळीच्या सुट्टीत अकरावीचे झालेले धडे घेऊन त्यावरचे सीईटीचे जुने प्रश्न घड्याळ लावून सोडव. विषयवार किती बरोबर, किती चुकले आणि किती वेळेअभावी राहिले, हे तीन आकडे इथे टाक. मग कुठली शाखा आवाक्यात आहे यावर बोलता येईल.